आम्ही पाहिलेले तीन चित्रपट

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ सालीं मुंबईस लोकांपुढें आला, त्यास आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. या अवधींत चित्रपट मुका होता तो बोलूं लागला, एकरंगी होता तो बहुरंगी झाला, आणि तंबूंतून व थिएटरांतून निघून तो आतां हातांतल्या चिमुकल्या यंत्रांत येऊन बसला आहे. परंतु विद्यार्थ्यांनीं चित्रपट पाहावे कीं पाहूं नयेत, हा वाद कांहीं अद्याप मिटलेला नाहीं. वक्तृत्वस्पर्धेंत प्रतिवर्षीं तो एकदां तरी निघतो, आणि दोन्ही पक्ष टाळ्या घेऊन आपापल्या जागीं जाऊन बसतात. त्या वादांत शिरण्याचा आमचा विचार नाहीं. आम्ही चित्रपट पाहतों. आमचे वडीलहि त्यांच्या विद्यार्थिदशेंत पाहत असत. तेव्हां पाहिलेल्या चित्रपटाविषयीं बोलावें कसें, हाच काय तो प्रश्न उरतो.

यंदां शाळेच्या सभागृहांत वरच्या वर्गांकरितां तीन मराठी चित्रपट दाखविण्यांत आले: 'श्यामची आई', 'श्वास' आणि 'फँड्री'. तिन्ही चित्रपटांत कथेच्या मध्यभागीं मुलगाच आहे. प्रत्येक खेळानंतर दारापाशीं एकच प्रश्न ऐकूं येई, "कसा वाटला?" आणि उत्तरहि ठरलेलें, "छान!" नाहींतर "कंटाळवाणा!" खाणावळींतल्या भाजीस जो न्याय, तोच चित्रपटास. प्रस्तुत लेखांत आम्हीं याहून थोडें अधिक सांगण्याचा यत्न केला आहे. मतें आमचीं आहेत. तीं चुकलीं असल्यास वडीलधाऱ्यांनीं सुधारावींत.

'श्यामची आई' हें पुस्तक साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. आणि आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं त्याचा चित्रपट केला. राष्ट्रीय पारितोषिकें सुरू झालीं तेव्हांचें पहिलें राष्ट्रपति-सुवर्णपदक याच चित्रपटास मिळालें. आईच्या भूमिकेंत वनमाला आणि श्यामच्या भूमिकेंत माधव वझे आहेत. या चित्रपटाची स्तुति करणें फार सोपें आहे, कारण ती आम्हीं पाहण्यापूर्वींच तयार ठेविली होती. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर संवाद पुष्कळ ठिकाणीं नाटकी वाटले व कथेची गति आजच्या संवयीस संथ वाटली. तरीहि दारिद्र्यांत ताठ मानेनें उभी असलेली ती आई पाहून सभागृहांत पुष्कळांचे डोळे पुसले गेले, आमचेहि.

परंतु त्यानंतरची हकीकत सांगितली पाहिजे. त्याच दिवशीं मधल्या सुटींत पाण्याच्या नळापाशीं पांचवीच्या मुलांना बाजूस सारून पुढें होणाऱ्यांत आम्हीहि होतों. तेव्हां मनांत आलें, आम्ही रडलों तें नेमकें कशासाठीं? श्याम चुकतो तेव्हां त्याला सावरण्यास आई जवळ असते. आम्ही बांकावर बसून श्यामबरोबर आपणहि चांगले झालों असें मानतों. रडून मन हलकें होतें, आणि हलकें झालेलें मन लवकर विसरतें. हा दोष चित्रपटाचा नव्हे, पाहणाऱ्यांचा आहे. तथापि तो दोष आहे खरा.

'श्वास' हा संदीप सावंत यांचा २००४ सालचा चित्रपट. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीस मिळाला तो या चित्रपटानें, आणि मध्यंतरीं पन्नास वर्षें गेलीं. कोंकणांतल्या परशा नांवाच्या लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया केल्यास जीव वांचेल परंतु दृष्टि जाईल, आणि न केल्यास जीवच जाईल. त्याला शहरांत घेऊन आलेले आजोबा हें ऐकून सुन्न होतात. त्यांतच डॉक्टरांचा आग्रह असा कीं, मुलाला अंधारांत ठेवून डोळे काढतां यावयाचे नाहींत. आधीं त्याला सांगितलें पाहिजे. अखेर आजोबा परशाला कोणास न विचारतां रुग्णालयाबाहेर नेतात, आणि जें जें दाखवितां येईल तें तें त्याला एका दिवसांत दाखवितात. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळे याचा परशा हे अभिनय करीत आहेत असें क्षणभरहि वाटत नाहीं.

आमच्या शेजारीं बसलेल्या एका मित्रानें पैज मारली होती कीं शेवटीं तपासणींत कांहीं तरी चूक निघेल आणि मुलगा बरा होईल. तो पैज हरला. तसें कांहीं होत नाहीं. काळा चष्मा लावलेला परशा होडींतून गांवीं परत येतो. वैद्यकीय माहिती सांगणारे कांहीं प्रसंग लांबले आहेत. पण चित्रपटानें आम्हांला फसविलें नाहीं, हा त्याचा मोठा गुण आम्ही मानतों. लहान मुलाशींहि खरें बोलावें, हें सांगणारा चित्रपट प्रेक्षकांशीं खोटें बोलता तर तें शोभलें नसतें.

आतां 'फँड्री'विषयीं. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट. २०१३ सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक त्यांस, आणि बालकलाकाराचें पारितोषिक जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यास मिळालें. 'फँड्री' हा कैकाडी भाषेंतला शब्द. त्याचा अर्थ डुक्कर. जब्याचें घर गांवाच्या कडेला. बाप कचरू (किशोर कदम) पडेल तें काम करणारा, आणि गांवांत डुकरांचा उपद्रव झाला कीं तीं पकडण्याचें काम या घराकडे येणार हें ठरलेलें. जब्या शाळेंत जातो; वर्गांतली शालू त्याला आवडते; काळ्या चिमणीची राख मिळाली तर सारें जमेल अशी त्याची समजूत, म्हणून तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. इतपत कथा ऐकून ही गमतीची गोष्ट आहे असें वाटावें, आणि आम्हांला तसेंच वाटलें.

नंतर डुक्कर पकडण्याचा प्रसंग येतो. शाळेच्या आसपासच सारें कुटुंब डुकरामागें धांवत आहे. जब्या वर्गांतल्या मुलांच्या नजरेस पडूं नये म्हणून आडोशाला लपतो, बाप त्याला ओढून काढतो. पडद्यावरचे लोक हंसत होते. आमच्या सभागृहांतहि हंसण्याचा एकच गलका झाला. मध्येंच शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. जब्या जागच्या जागीं ताठ उभा राहतो, घरचींहि उभीं राहतात, आणि हातीं आलेलें डुक्कर निघून जातें. राष्ट्रगीत ऐकून आमच्यांतले कांहीं संवयीनें बांकावरून उठूं लागले, कांहीं अजून हंसतच होते. पुढें तें जनावर अखेर सांपडतें. तें काठीला बांधून कचरू आणि त्याचीं मुलें शाळेच्या भिंतीवरून नेतात. भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्यासारख्या थोरांचीं चित्रें काढलेलीं आहेत. टवाळ पोरें मागून येत असतात, जब्याच्या बहिणीवर शब्द टाकीत असतात. शेवटीं जब्या दगड उचलतो. त्याचा अखेरचा दगड येतो तो सरळ पडद्यांतून पाहणाऱ्याच्या तोंडावर, आणि सारें काळें होतें.

त्या अंधारांत आमच्या सभागृहांत कोणीहि हंसलें नाहीं. दिवे लागल्यावर दारापाशीं "कसा वाटला?" हा प्रश्नहि कोणी विचारला नाहीं. दहा मिनिटांपूर्वीं आम्ही ज्या लोकांबरोबर हंसलों होतों, दगड त्यांच्यावर होता, म्हणजे आमच्यावर होता.

या चित्रपटाविषयीं कांहीं पालकांनीं, आणि आमच्यांतल्याहि कांहींनीं, नापसंती दर्शविली. त्यांचे आक्षेप तीन. पहिला, भाषा शिवराळ आहे. ती आहे, परंतु शिव्या ऐकून आम्हांला त्या द्याव्याशा वाटल्या नाहींत, त्या कोणाला खाव्या लागतात हें मात्र दिसलें. दुसरा आक्षेप, मुलगा दगड मारतो आणि चित्रपट त्याला दोष देत नाहीं. यापासून विद्यार्थ्यांनीं काय शिकावें? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. दगड मारणें चांगलें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण तो दगड हातीं येण्यापूर्वीं जब्या किती वेळ लपला, किती वेळ गप्प राहिला, याचा हिशेब चित्रपटानें आधीं मांडला आहे. तो हिशेब सोडून शेवटच्या दगडावरच बोट ठेवणें न्यायाचें नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत नेहमींचा: असलें दुःखद मुलांना दाखवावेंच कशाला? याचें उत्तर 'श्वास'मधल्या डॉक्टरांनीं देऊन ठेवलें आहे. आणि ज्यांना जुनें पुस्तकच प्रमाण वाटतें त्यांना आम्ही 'श्यामची आई' या पुस्तकांतला एक प्रसंग आठवावयास सांगतों. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीला लांकडांची मोळी उचलवत नव्हती, तेव्हां आईनें श्यामला तिच्या साह्यास पाठविलें होतें. त्या माउलीनें आपल्या मुलाची नजर दुसरीकडे वळविली नाहीं.

"हें खेड्यांतलें, आमच्या शाळेंत असें कांहीं नाहीं," असें एका वर्गबंधूनें आम्हांस सांगितलें. त्याच्याशीं आमचें पटत नाहीं, आणि तें कां, हें सांगतांना आम्हांस लाज वाटते. आमच्या वर्गांत एक विद्यार्थी आहे. त्याचे वडील जें काम करतात, त्या कामावरून आम्हीं त्याला एक नांव ठेवलें होतें. पहिल्या दिवशीं कोणी ठेवलें तें सांगतां येत नाहीं. दोन वर्षें तें सर्वांच्या तोंडीं होतें. हजेरी घेतांना गुरुजी त्याचें खरें नांव घेत तेव्हां तें आम्हांला परकें वाटे. त्या नांवांत आम्हांला वाईट कांहीं दिसलें नव्हतें, कारण तोहि त्यावर हंसत असे. 'फँड्री' दाखविला त्या दिवशीं तो सभागृहांत होता खास, हजेरीपटावर तशी नोंद आहे. पण तो कोणत्या बांकावर बसला होता, आणि आम्ही सारे हंसत होतों तेव्हां तो काय करीत होता, हें आम्हांपैकीं एकालाहि आठवत नाहीं. कोणीं त्याच्याकडे पाहिलेंच नव्हतें.

आतां आम्ही त्याला त्याच्या नांवानें हांक मारतों. हें लिहितांना आम्ही सुधारलों अशी फुशारकी मिरवावयाची नाहीं. गेल्याच आठवड्यांत कबड्डीच्या मैदानावर गडबडींत जुनें नांव पुनः तोंडून गेलें. तो नेहमींसारखा 'ओ' देऊन वळला. तो रागावला असता तर आम्हांला बरें वाटलें असतें.

तीन चित्रपटांत श्रेष्ठ कोणता, असें कोणी विचारलें तर आमचें मत 'फँड्री'कडे पडेल. 'श्यामची आई'नें आम्हांला रडविलें. 'श्वास'नें आमच्याशीं खरें बोलून धीर दिला. 'फँड्री'नें मात्र आम्ही कोठें बसलों आहों हें दाखविलें. जो चित्रपट पाहून आपल्याविषयीं कांहीं नवें आणि नकोसें कळतें, तो शाळेंत अवश्य दाखविला जावा, असें आमचें नम्र मत आहे. तो शाळेंत दाखवावयाचा नाहीं, तर कोठें?

शेवटीं चालकांस एकच विनंति. पुढच्या वर्षीं चित्रपट निवडतांना "यांत बोध काय?" या प्रश्नाबरोबर "यांत खरें किती?" हेंहि विचारलें जावें. आणि खेळ संपतांच घंटा न देतां अर्धा तास आम्हांला तेथेंच बसूं द्यावें. पहिलीं पांच मिनिटें बहुधा कोणी बोलणार नाहीं; तरीहि बसूं द्यावें.

— इयत्ता दहावींतील कांहीं विद्यार्थी