फिनचा पंख झाला, आणि खेळाडूचे शरीरही बदलले

२०२३च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या वर्षीच्या शंभरहून अधिक पदकांच्या गर्दीत ही बातमी छोटीच राहिली. पण तिच्यातला एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. हे पदक ‘आरएस:एक्स’ या जातीच्या बोर्डवर मिळाले. टोकियो हे या बोर्डचे शेवटचे ऑलिम्पिक होते. हांगझोऊला त्याच पाण्यात विंडसर्फिंगचा दुसरा प्रकारही खेळला गेला, ‘आयक्यूफॉइल’. पॅरिस ऑलिम्पिकला हा दुसराच बोर्ड गेला. म्हणजे पदक खरे, मेहनतही खरी. पण ऑलिम्पिकची वाट त्या बोर्डवरून जाणे आधीच बंद झाले होते.

एखाद्या खेळातले साधन बदलते तेव्हा आपण ती तंत्रज्ञानाची बातमी म्हणून वाचतो. प्रत्यक्षात साधन बदलले की कोणत्या बांध्याचा खेळाडू जिंकेल, कोणाच्या खिशाला खेळ परवडेल आणि दुखापत कोणत्या प्रकारची होईल, हे सारेच बदलते. पाण्यावरच्या बोर्डांचे गेल्या काही वर्षांत नेमके हेच झाले आहे.

सुरुवात फिनपासून करू. माशाच्या परासारखे दिसणारे हे पाते बोर्डच्या तळाशी मागच्या बाजूला उभे बसवलेले असते. जुने सर्फबोर्ड सपाट तळाचे होते आणि लाटेवर बाजूला घसरत. १९३५मध्ये टॉम ब्लेक या अमेरिकी सर्फरने बोर्डखाली असे पाते लावले आणि बोर्ड सरळ रेषेत धावू लागला. पुढे एकाची दोन पाती झाली. १९८१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिनचा बोर्ड घेऊन बेल्स बीचची मोठी स्पर्धा जिंकली. त्याने या रचनेचे पेटंट घेतले नाही. बोर्ड बनवणाऱ्या कुणालाही आपल्या शेडमध्ये तिसरी फिन चिकटवता येत होती. काही वर्षांतच ती रचना जगभर रूढ झाली.

फिनच्या आकारावरचे प्रयोग त्यानंतरही थांबले नाहीत. हंपबॅक देवमाशाच्या पराच्या पुढच्या कडेवर गाठींसारखे उंचवटे असतात. अमेरिकी संशोधकांनी २००४मध्ये अशा पराची प्रतिकृती हवेच्या बोगद्यात तपासली. साधा पर ज्या कोनात कलल्यावर त्याची उचल एकाएकी ढासळते, त्याहून सुमारे ४० टक्के मोठ्या कोनापर्यंत गाठींचा पर टिकून राहिला. त्यानंतर अशा खाचा-उंचवट्यांच्या फिनही बाजारात आल्या.

फिन हा पाण्यातला उभा पंखच. वारा शिडाला बाजूला ढकलतो तेव्हा फिन उलट बाजूने जोर लावते आणि बोर्ड पुढे सरकतो. आता हाच पंख आडवा करा. मग तो बाजूला न ढकलता वर उचलतो. हेच हायड्रोफॉइल. बोर्डच्या तळातून सुमारे मीटरभर लांबीचा खांब खाली जातो. त्याच्या टोकाला छोट्या विमानासारखी रचना असते, पुढे मोठा पंख आणि मागे तोल सांभाळणारा लहान पंख. वेग आला की बोर्ड पाण्यातून बाहेर येतो आणि पाण्यात राहतात फक्त हे पंख व खांबाचा खालचा भाग.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने यासाठी पंख छोटा पुरतो. पॅरिसमध्ये वापरलेल्या आयक्यूफॉइलचा पुढचा पंख सुमारे ९०० चौरस सेंटिमीटरचा होता, म्हणजे साधारण दीड ए-फोर कागदाएवढा. एवढ्यावर प्रौढ माणूस, बोर्ड आणि शीड उचलले जाते. पाण्याशी होणारे घर्षण आणि लाटा उसळवण्यात वाया जाणारी शक्ती, दोन्ही एकदम कमी होतात. म्हणूनच आरएस:एक्सवर पुरुषांना साडेनऊ चौरस मीटरचे शीड लागे, तर आयक्यूफॉइलवर नऊचे. शीड लहान झाले आणि वेग मात्र ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेला. पतंगाच्या जोरावर चालणारे ‘फॉर्म्युला काइट’ त्याहूनही वेगवान आहे.

कल्पना नवी नाही. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६मध्येच अशी नौका पाण्यावर उचलून दाखवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूच्या नौकेने १९१९मध्ये ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. नवे आहे ते कार्बन फायबर. पंख लांब आणि अरुंद असेल तर तो कमी रोध करतो. पण तसा पंख जोर आला की वाकतो. कार्बनमुळे तो बारीक असूनही ताठ राहतो. नवशिक्यासाठी मात्र रुंद, मोठा पंख बरा, कारण तो कमी वेगातही उचलतो. वेग निम्मा झाला की उचल पाव होते, हे गणित कोणत्याच पंखाला चुकत नाही.

आता शरीराकडे वळू. जुन्या बोर्डवर वारा पडला की खेळाडू शीड पंख्यासारखे सतत ओढून बोर्ड पुढे रेटत. त्याला हलके, चिवट, दीर्घ दमाचे शरीर लागे. जड खेळाडूचा बोर्ड पाण्यात अधिक रुतत असे. फॉइलने हे उलटवले. बोर्ड हवेत असताना रुतण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट शिडाचा बाजूचा जोर पेलायला बाहेर झुकलेल्या शरीराचे वजन लागते. जितका जोर पेलता येईल तितका वेग. त्यामुळे नव्या बोर्डवर आलेल्या अनेक खेळाडूंना जाणीवपूर्वक वजन वाढवावे लागले. तेच खेळाडू आणि तोच समुद्र. पण आहार, व्यायाम आणि आदर्श बांधा बदलला.

प्रौढ खेळाडू आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे करू शकतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचे काय, हा प्रश्न प्रशिक्षकांनी आणि पालकांनी स्वतःला विचारायला हवा. वाढीच्या वयात ‘अजून दहा किलो हवे’ किंवा ‘पाच किलो कमी कर’ या दोन्ही सूचना सारख्याच धोक्याच्या. वजनावर अवलंबून असलेल्या खेळांत हे घडत आले आहे. फॉइलमुळे त्या यादीत आणखी एका खेळाची भर पडली.

दुखापतीचेही तसेच. सर्फिंगमधल्या दुखापतींच्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसते. सर्वाधिक जखमा शार्कमुळे नव्हे, तर स्वतःच्याच बोर्डमुळे आणि त्याच्या फिनमुळे होतात. फॉइलच्या बाबतीत या बोर्डखाली धारदार कडांचे ताठ पंख आले, उंची आली आणि वेग आला. शिवाय पंख पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला आणि त्यावर हवा ओढली गेली की उचल क्षणात नाहीशी होते. काही फॉइल नौकांवर उंची सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा असते. बोर्डवर ते काम खेळाडूचे पाय करतात. पाय चुकले की माणूस पुढे फेकला जातो. म्हणून हेल्मेट आणि आघात झेलणारे जाकीट यांना इथे पर्याय नाही.

हा विषय फक्त खेळाडूंपुरताही राहिलेला नाही. बॅटरी आणि पंख्यावर चालणारे विजेचे फॉइलबोर्ड आता हौशी पर्यटकांसाठी विकले जातात. त्यांना वारा लागत नाही की लाट. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यांवर जिथे लोक कमरेएवढ्या पाण्यात डुंबत असतात, तिथे अशा बोर्डसाठी पोहणाऱ्यांपासून वेगळा, खुणा लावलेला पट्टा हवा. पाणीही पुरेसे खोल हवे. मीटरभर खाली गेलेला पंख वाळूत रुतला तर बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि स्वार थांबत नाही. अपघात झाल्यावर नियम करण्यापेक्षा आधी केलेले स्वस्त पडतात.

राहिला खर्चाचा प्रश्न. तिसरी फिन शेडमध्ये चिकटवता आली. कार्बनचा पंख तसा घडवता येत नाही. आयक्यूफॉइलचे साहित्य सर्वांना एकसारखे, एकाच कंपनीकडून घ्यावे लागते. यामुळे स्पर्धकांमध्ये समानता येते हे खरे. पण स्पर्धेत उतरण्याआधीची दरी त्याने बुजत नाही.

तरीही फॉइलची एक बाजू आशियाला अनुकूल आहे. कमी वाऱ्यातही ते धावते. पॅरिस ऑलिम्पिकच्या मार्सेय इथल्या शर्यतींत सिंगापूरच्या सतरा वर्षांच्या मॅक्स मेडरने फॉर्म्युला काइटमध्ये कांस्य जिंकले. सिंगापूरचे नौकानयनातले ते पहिले ऑलिम्पिक पदक. मोठा किनारा किंवा सोसाट्याचा वारा नसलेल्या देशानेही योग्य बोर्ड वेळेत निवडला, तर काय होते ते यातून दिसले.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंग आणि काइट हे दोन्ही प्रकार फॉइलवरच होणार आहेत. आपल्या किनाऱ्यावरची जी मुले आज शीड हातात धरायला शिकत आहेत, त्यांना पहिल्याच वर्षी कोणता बोर्ड, किती सुरक्षित पाणी आणि कोणाची वैद्यकीय देखरेख मिळते, यावर पुष्कळ काही ठरेल. नाहीतर पुढच्या वेळीही पदक मिळेल, पण जगाने मागे टाकलेल्या बोर्डवर.