बाटलीतली आग

आगीची भीती माणसाला डोळ्यांनी कळते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटले आणि सारे कोल्हापूर हळहळले. पण जिला ज्वाला नाही, अशीही एक आग असते. ती न्हाणीघराच्या कोनाड्यात, शीतपेयाच्या जुन्या बाटलीत निमूटपणे बसलेली असते. तिला आपण ॲसिड म्हणतो आणि फिनेलच्या शेजारी ठेवून मोकळे होतो.

आपल्या जिल्ह्याचा तर या तेजाबाशी रोजचा संबंध. हुपरीची चांदी देशभर जाते आणि तिचे बरेचसे काम घरोघरी चालते. चांदी शुद्ध करायला नायट्रिक ॲसिड लागते, दागिना उजळायला पाणी घातलेले गंधकाम्ल. मुलाम्याच्या कामातही आम्ले आहेतच. काम घरात, म्हणजे तेजाबही घरात आणि पोरेही घरात! कारखान्याला निदान नियम विचारता येतात. घराला कोण विचारणार?

नायट्रिक ॲसिड स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला पेटवू शकते. तीव्र ॲसिड सांडले की आपण सवयीने भुसा टाकतो किंवा चिंधीने पुसतो. नेमका तोच भुसा, तीच चिंधी पेट घेऊ शकते. त्यावर कोरडी वाळूच टाकावी. धातूवर हे ॲसिड पडले की तांबूस वाफ उठते. ती छातीत गेलेला माणूस तासभर ठीक वाटतो आणि काही तासांनी त्याची फुप्फुसे पाण्याने भरू लागतात. म्हणून ‘आता बरे वाटते’ यावर विसंबू नये, दवाखाना गाठावाच.

अंगावर ॲसिड उडाले, तर पहिले औषध नळाचे पाणी. भिजलेले कपडे, बांगड्या, अंगठ्या काढता काढताच पाण्याची धार धरावी, ती किमान वीस मिनिटे. डोळ्यात गेले असेल तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवावे. सोडा, लिंबू, हळद, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू नये. पोटात गेले तर उलटी काढू नये. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजते. रुग्णासोबत बाटलीचे लेबलही न्यावे आणि १०८ ला फोन करावा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून संडास धुण्याची ‘युक्ती’ तर कायमची सोडावी. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडात पाणी कधीही नाही.

कायदा नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ॲसिडविक्रीवर बंधने घातली: ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे, नोंदवही ठेवावी, अठरा वर्षांखालील कोणालाही विकू नये. तो आदेश हल्ल्यांमुळे आला. परंतु हल्ला करणारा हात जसा असतो, तसा चुकून बाटली उघडणारा चिमुकला हातही असतो. त्याच्यासाठी आपण कोणती वही ठेवली आहे?

उपाय फार खर्चाचे नाहीत. तेजाब वापरणाऱ्या प्रत्येक खोलीत एक चालता नळ, वाळूची एक बादली, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. ॲसिड मूळ बाटलीत, कुलपात आणि जमिनीलगत. सराफ आणि कारागीर संघटनांनी वर्षातून एकदा अग्निशमन दलाला बोलवावे आणि कोणत्या गल्लीत कोणते रसायन साठवले आहे, याची यादी दलाकडे द्यावी. आत काय आहे हे ठाऊक नसताना जवानाने दार उघडावे, हा न्याय नव्हे.

पैंजणाची रुणझुण ऐकताना ते घडवणाऱ्याची बोटे कुणाला आठवत नाहीत. ती शाबूत राहावीत, एवढी काळजी तरी समाजाने घ्यायला हवी. तोवर आज, रविवारच्या सवडीत, आपल्या न्हाणीघरातला तो कोनाडा प्रत्येकाने एकदा उघडून पाहावा.