चोर सोडून संन्याशाला फाशी

लिनक्सची लाइव्ह सीडी घातली, लॅपटॉप सुरू झाला, सगळं दिसलं. फक्त पासवर्डचं वायफाय लागलं नाही. की आपल्याकडे निकाल ठरलेला: ‘लिनक्सचं हे असंच असतं बुवा.’ आरोपी कोण, साक्षीपुरावा काय, विचारतो कोण?

क्लाउस नॉपर या जर्मन माणसाने 2000 साली नॉपिक्स ही लाइव्ह सीडी काढली. 700 एमबीच्या तबकडीत सुमारे 2 जीबीचा ऐवज दाबून बसवलेला. हार्ड डिस्कला बोट न लावता अख्खी यंत्रणा चालायची आणि समोर येईल ते हार्डवेअर आपणहून ओळखायची. एवढं जमवणाऱ्यांचं घोडं एका पासवर्डापाशी अडलं, असं मानणारा एकतर भाबडा किंवा विक्रेता.

पासवर्डाचा भाग अवघड नव्हताच. डब्ल्यूपीए-2 या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत तुमचा 8 ते 63 अक्षरांचा पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन 4096 फेऱ्यांतून किल्ली तयार होते. ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ हा मुक्त प्रोग्रॅम हे काम चोख करतो. गाडी अडते त्याच्या खाली. वायफायच्या चिपला जागं व्हायला फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लागतो, आणि तो सीडीवर घालून वाटायची परवानगी चिप बनवणाऱ्या कंपनीने द्यावी लागते. ब्रॉडकॉम या कंपनीने ती दिली नाही, चिपची माहितीही दिली नाही. शेवटी काही हट्टी मंडळींनी चिप कशी चालते ते उलगडून ड्रायव्हर लिहिला. 2006 मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. फर्मवेअर मात्र ज्याचं त्याने विंडोजच्या ड्रायव्हरमधून उपसून काढायचं. तो ड्रायव्हर कुठून आणायचा? नेटवरून. नेट कधी लागणार? फर्मवेअर बसल्यावर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! त्यातून कुणी केबल जोडून हे दिव्य पार पाडलंच, तर मशीन रीस्टार्ट केलं की पाटी कोरी. लाइव्ह सीडी काहीच लक्षात ठेवत नाही.

‘कंपन्यांच्याही अडचणी असतात’ असं कळवळून सांगणारे भेटतात. मग इंटेलला आपलं फर्मवेअर वाटू द्यायला कसं जमलं? अथेरॉस या दुसऱ्या चिप कंपनीने 2008 मध्ये उघडा ड्रायव्हर कसा दिला? खुद्द ब्रॉडकॉमनेही 2010 मध्ये नव्या चिपांसाठी तो दिलाच. आकाश कोसळलं नाही.

पण माझा खरा राग आपल्यातल्या ‘जाणकारां’वर आहे. वायफाय लागेना म्हटलं की यांचा सल्ला तयार: एन्क्रिप्शन काढून टाका. नाहीतर डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत ठेवा, जुन्या ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ कमांडला तेवढंच कळतं. अरे, त्या डब्ल्यूईपीचं पितळ फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी 2001 मध्येच उघडं पाडलं होतं. 2007 मध्ये डार्मस्टाटच्या संशोधकांनी त्याची किल्ली मिनिटाच्या आत काढून दाखवली. आणि उघडं वायफाय? जुलै 2008 च्या अहमदाबाद स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. पोलीस आधी त्या घराच्या दारात उभे राहिले. नंतर मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत शहरात फिरू लागले. असा सल्ला देणाऱ्याला मी जाणकार म्हणणार नाही. तो दुसऱ्याच्या दाराची कडी काढून वर ‘बघा, दार उघडलं’ म्हणून मिरवतो.

सोवळ्यातल्या मंडळींनीही हातभार लावलाच. फर्मवेअर मुक्त नाही, म्हणून डेबियन या लिनक्स वितरणाच्या अधिकृत डिस्कवर त्याला वर्षानुवर्षं शिवाशिव. तत्त्व मला मान्य आहे. पण त्याचा भुर्दंड कंपनीला कधी पडला नाही, पडला तो नवख्याला, आणि तो निमूटपणे विंडोजकडे परतला. अखेर 2022 मध्ये मतदान झालं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून फर्मवेअर डिस्कवरच येऊ लागलं.

सीडीची जागा आता पेनड्राइव्हने घेतली आहे आणि फोन यूएसबीने जोडून तात्पुरतं नेटही मिळतं. जुन्या ब्रॉडकॉम चिपांचे लॅपटॉप मात्र सेकंड हँड बाजारात अजून फिरताहेत. तेव्हा लॅपटॉप घ्यायला जाल तर खिशात लाइव्ह पेनड्राइव्ह असू द्या. दुकानातच मशीन त्यावर सुरू करा आणि फोनचा पासवर्डवाला हॉटस्पॉट लावून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. नाही लागला, तर पैसे काढू नका.