तासाचा हिशेब

आमच्या वस्तीतल्या बचत गटातली एक बाई साडीच्या दुकानात कामाला जाते. मी तिला विचारलं, ‘‘काम आवडतं का गं?’’

‘‘आवडतं की ताई. गिऱ्हाईक खुशीत गेलं की बरं वाटतं. सावलीतलं, स्वच्छ काम आहे.’’

पगार महिना नऊ हजार. सकाळी दहा ते रात्री नऊ, आठवड्याला एक सुट्टी. आम्ही दोघींनी कागद घेतला. 26 दिवसांचे 286 तास. तासाला साडेएकतीस रुपयेही पडेनात. आठच तास भरले असते, तर याच पगारात 43 रुपयांच्या वर पडले असते. ती म्हणाली, ‘‘असा हिशेब कधी केलाच नव्हता.’’

महिन्याचा पगार जास्तीचे तास झाकून टाकतो. ‘काम आवडतं ना?’ हा प्रश्नही तेच करतो. कामातलं समाधान तिचं आहे, तिच्या कौशल्याचं आहे. ते मजुरीतून वळतं करून घ्यायचा अधिकार मालकाला कुणी दिला?

कायद्याकडे पाहावं, तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं कामाच्या तासांच्या बंधनातून वगळली. तिच्या दुकानात सहा जणी आहेत.

पण हे बदलू शकतं. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर बसायची, लघवीला जायचीही सोय नव्हती. शिवणकाम करणाऱ्या विजी पल्लितोडी यांच्या पुढाकाराने त्या ‘पेनकूट्टु’ या नावाने एकत्र आल्या, रस्त्यावर उतरल्या. 2018 साली केरळ सरकारला कायद्यात दुरुस्ती करून दुकानात बसण्याचा हक्क द्यावा लागला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला.

आणि आपण? शेतमजूर, विडी कामगार, घरकामगार बायकांमध्ये आपण काम केलं. दुकानातली बाई नीटनेटकी साडी नेसून हसत उभी असते, म्हणून ती कामगार आहे हे आपल्या ध्यानातच आलं नाही. उलट तिच्याकडून पन्नास साड्या उलगडून घेऊन आपण रिकाम्या हाताने उठलो. आपल्या बैठका संध्याकाळी सहाला. तेव्हा ती गिऱ्हाइकापुढे उभी असते.

मैत्रिणींनो, सुरुवात इथूनच करू या. एक बैठक बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवू. भाषण नको. कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येकीने आपल्या तासाचा हिशेब मांडावा. पुढची मागणी त्याच ठरवतील.