ईवुड पार्कचे मालक पुण्यात राहतात

ऑक्टोबर २०११ मध्ये बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसी विरुद्ध ब्लॅकबर्न रोव्हर्स असा मैत्रीपूर्ण सामना झाला. मी मुलाला घेऊन गेलो होतो, तो तेव्हा दहा वर्षांचा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला संघ पुण्यात खेळतोय, यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. ब्लॅकबर्न ३-० ने जिंकले. परतताना त्याने विचारले, ‘‘बाबा, मालक पुण्याचे म्हणजे हा आपलाच संघ ना?’’ मी हो म्हणालो. त्या उत्तराची मला आज बोचणी लागते.

कारण त्याच दिवसांत तिकडे इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नची माणसे संतापलेली होती. संघ तळाच्या संघांत अडकला होता आणि ऐन हंगामात खेळाडूंना विमानात बसवून पुण्याला आणले होते. हे मला नंतर कळले.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची लढत असली की आमच्या घरी जेवणाची वेळ बदलायची. तालमीच्या संघाला मालक नसतो. वर्गणी काढणारे असतात, जर्सी धुणारे असतात, हरल्यावर कट्ट्यावर रात्री एकपर्यंत भांडणारे असतात. ब्लॅकबर्न हे असेच गाव आहे. लँकेशायरमधल्या या गावातल्या गिरण्या एकेकाळी आपल्याकडे खपणारी धोतरे विणायच्या. त्या गिरण्या गेल्या, फुटबॉल तेवढा राहिला. रोव्हर्स १८७५चा क्लब, १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. एफए कप सहा वेळा जिंकलेला.

आणि १९९५ची ती प्रीमियर लीग! गावातलाच पोलादाचा व्यापारी जॅक वॉकर याने आपला धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि त्या पैशांतून लहानपणापासूनच्या आवडत्या क्लबाला उभे केले. केनी डॅलग्लिशला प्रशिक्षक म्हणून आणले, ॲलन शिअररला विक्रमी रकमेला घेतले. शेवटच्या दिवशी ॲनफिल्डवर ब्लॅकबर्न हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखले आणि चषक ब्लॅकबर्नचा झाला. वॉकर तोवर जर्सी बेटावर राहायला गेला होता. तरी सामन्याला तो असायचा. म्हणून मालक दूर राहतात या एवढ्याच कारणाने मी कुणाला दोष देणार नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने क्लब विकत घेतला, २ कोटी ३० लाख पौंडांना. वर क्लबावरचे कर्जही होते. बी. व्ही. राव यांनी या देशात कुक्कुटपालनाचा धंदा कसा उभा केला, हे पुणेकरांना सांगायला नको. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी राव यांना धंदा कळत नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. पण महिना उलटायच्या आत त्यांनी सॅम ॲलरडाइस या अनुभवी प्रशिक्षकाला काढले. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, बुडत नव्हता. त्याच्या जागी स्टीव्ह कीन आला, ज्याने प्रमुख प्रशिक्षक म्हणून एकही संघ सांभाळलेला नव्हता. पाठोपाठ क्लबाचा कारभार वर्षानुवर्षे नीट चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्सही गेले. मैदानाची खबर असणारी माणसे गेली की निर्णय एजंटांच्या सल्ल्याने होऊ लागतात. तसेच झाले.

७ मे २०१२ला घरच्या मैदानावर विगनकडून हार झाली आणि ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेले. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबाच्या रंगांचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. आपल्याकडे ती बातमी गमतीची म्हणून छापली गेली. मला त्यात गंमत दिसली नाही. आपले म्हणणे ऐकायला समोर कुणीच नसले की माणसे असे काही करतात. पुढच्या हंगामात प्रशिक्षक हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकल ॲपलटन ६७ दिवस. बरोबर पाच वर्षांनी, ७ मे २०१७ला, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसऱ्या कुठल्याही क्लबावर तोवर ही पाळी आली नव्हती.

प्रशिक्षक टोनी मोब्रेने संघाला वर्षभरात परत वर आणले, हे खरे. मालकांनी आजवर २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम क्लबात ओतली, हेही खरे, आणि तेवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांनी हात काढून घेतला असता तर कदाचित क्लबच बंद पडला असता. पण अलीकडे तो पैसाही अडखळला. भारतात चाललेल्या तपासामुळे तिकडे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. त्या काळात ॲडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नचाच पोरगा क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये २७ गोल करणारा सॅमी स्मॉडिक्स त्याच उन्हाळ्यात गेला. २०२५ मध्ये महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतली जागा सोडली, कारण तिथे टिकायला लागणारा खर्च करायची क्लबाची तयारी नव्हती. मला या सगळ्यात महिला संघाचे सर्वांत जास्त लागले. ज्या मुलींनी खेळून ती जागा मिळवली होती, त्यांची ती मैदानावर न हरताच गेली.

ब्लॅकबर्नच्या ईवुड पार्क या मैदानावर ३१ हजार माणसे बसू शकतात. आता बऱ्याच सामन्यांना निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. जे येतात ते मालकांना वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारतात : तुम्हाला या क्लबाचे नेमके काय करायचे आहे? त्याचे उत्तर पुण्याहून अजून गेलेले नाही.

आम्ही पुणेकरांनीही तो विचारला नाही. क्लब घेतला तेव्हा छाती फुगवली आणि घसरण सुरू झाल्यावर ती इंग्लंडची भानगड म्हणून पान उलटले. पंधरा वर्षे झाली. माझा मुलगा आता नोकरीला लागला आहे आणि ब्लॅकबर्नचा निकाल तो अजूनही पाहतो.

अनुराधाताई, घरच्या एखाद्या सामन्याला आपण आणि आपले बंधू ईवुड पार्कवर जा. आधी निरोप देऊन जा. सामना संपल्यावर चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर दोन तास बसा, शिव्या बसल्या तरी बसा, आणि पुढच्या पाच वर्षांत काय करणार ते सांगा. ते जमणार नसेल, तर ब्लॅकबर्नमध्ये येऊन-जाऊन असेल असा मालक शोधा आणि क्लब त्याच्या हाती द्या.