चुलीभोवती : त्यात काय शिकवायचं, माय?

दिवाळीला पुण्याची भाची आली ती बाली बेटावरून परस्पर हिंगोलीला. बॅग उघडली तर कपडे थोडे आणि पुड्याच जास्त. वाळवलेल्या मुळांचे काप, कसल्याशा बिया आणि हातानं लिहिलेला एक कागद. उबुदजवळच्या खेड्यात एका बाईच्या घरी तिनं एक दिवस स्वयंपाक शिकण्यात घालवला होता. आपल्या पैशात दोन हजारांच्या आसपास फी भरली होती आणि अख्ख्या सहलीतला तोच दिवस ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होती.

सकाळी उजाडता उजाडता बाजारात नेलं. कोवळा कंद कसा ओळखायचा, केळीचं पान कोणतं घ्यायचं, हे यजमानीणबाईंनी हातात देऊन दाखवलं. वाटेत भातखाचरं लागली, तेव्हा गावाचं पाणी कसं वाटलं जातं ते समजावलं. 'सुबाक' नावाची ही शेतकऱ्यांची पाणीवाटपाची जुनी रीत. युनेस्कोनं २०१२ मध्ये तिला जागतिक वारशात घेतलं. मग घर आलं. चौकाभोवती खोल्या, कोपऱ्यात देवघर, एका बाजूला चूल. बालीत स्वयंपाकघराला 'पाओन' म्हणतात, शेजारच्या जावात 'पावोन'. शब्दाच्या मुळाशी राख आहे. राख जिथे असते, ती जागा.

तिथे आधी वाटण. 'बासे गनप' म्हणजे सगळं आलं असा पूर्ण मसाला : छोटे कांदे, लसूण, मिरच्या, धने, मिरे, आलं, आल्याच्याच जातीचे आणखी दोन कंद आणि भरपूर ओली हळद. जाड सुरीनं ठोकून बारीक करायचं, मग दगडी खलात कुटायचं. स्वयंपाक झाला की जेवायला बसण्याआधी पानाच्या तुकड्यावर भाताची चार शितं ठेवून ती चुलीजवळ, पाण्याजवळ, दाराशी ठेवायची. भाची म्हणाली, "मावशी, तेव्हा मला आजीच आठवली."

ही आजी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. वसमत तालुक्यात राहतात, घर माळकरी, वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना आत्याबाई म्हणते. चुलीवरची पहिली भाकरी उतरली की तिचा तुकडा मोडून विस्तवाला द्यायचा, हे त्यांनी आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. पोरीला बालीची भाजी करून दाखवायची होती. चवळीच्या शेंगा, पालक आणि मोड आलेले मूग उकडून, त्यात ते वाटण आणि ओलं खोबरं कालवायचं. नारळ औंढ्याच्या नागनाथाला फोडून आणलेला घरात होताच. हळदीसाठी दीर शेतात गेले आणि एक कंद उपटून घेऊन आले. हळदीला अजून दोन-तीन महिने जमिनीत राहायचं होतं, त्यामुळे कंद कोवळा, साल नखानं निघेल अशी. भाचीनं पाट्यावर वाटायला घेतलं. दुसऱ्याच रगड्याला आत्याबाई सरकून जवळ आल्या, वरवंटा हातात घेतला आणि म्हणाल्या, "असं नाही. पुढं ढकल आन् मागं ओढताना दाबू नको." पाच मिनिटांत वाटण लोण्यासारखं.

भाजी सगळ्यांना आवडली. आत्याबाईंनी दोनदा घेतली. मग भाची म्हणाली, "आजी, आता तुमची येसर आमटी मला शिकवा. भाकरीपण."

आत्याबाई हसल्या. "त्यात काय शिकवायचं, माय? रोजचंच तं आहे."

त्या वाक्यानं मला त्या रात्री झोप लागली नाही. आजचा हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

रोजचंच काय आहे, ते सांगते. भाचीनं हट्ट धरला म्हणून दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी भाकरीला बसवलं. पहिली गोष्ट त्यांनी केली ती पिठाची चिमूट बोटात चोळली आणि डबा बाजूला सारला. पीठ दहा-बारा दिवसांचं होतं. "विरी गेली. नव्या माणसाला ह्याची भाकरी यायची नाही." विरी म्हणजे ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा, पीठ जुनं होत जातं तसा तो जातो आणि मग भाकरी थापताना कडांना चिरते. नवं दळण आलं. पाणी कढत घ्यायचं, पण किती कढत, हे त्यांनी बोट बुडवून आणि लगेच काढून दाखवलं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. तळहाताच्या टाचेनं ते पुढं रगडायचं, गोळा चकचकीत दिसेपर्यंत. थापताना बोटं पसरायची नाहीत. गोल तळहाताच्या कडेनं येतो, भाकरी आपोआप फिरते. तव्यावर टाकली की वरच्या पिठावर पाण्याचा हात, आणि ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर फुगत नाही. त्या आधी आणि नंतरच्या मधे जेमतेम काही सेकंद असतात. आत्याबाई त्या वेळी तव्याकडे पाहतसुद्धा नव्हत्या. भाचीच्या सात भाकऱ्या बिघडल्या. आठवी अर्धी फुगली.

येसराचंही तसंच. बाजरी, हरभऱ्याची डाळ, गहू वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची भाजण्याची वेळ वेगळी. धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, खोबरं निराळं. आमटीत सोडताना पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, थेट उकळीत टाकलं की गाठी. आमच्याकडे लग्नकार्याच्या आधी डबेच्या डबे येसर करून ठेवलं जायचं. आता निम्म्या घरांत पाकीट येतं, आणि पाकिटावर भाजणीच्या वासाबद्दल काही लिहिलेलं नसतं.

बालीच्या त्या बाईंनी केलं त्यात आणि ह्यात कौशल्याचा कोणता फरक आहे? मला तरी सापडत नाही. फरक एवढाच की तिच्या अंगणात शिकणाऱ्याला रीतसर बसायला जागा आहे, वेळ ठरलेली आहे, फी ठरलेली आहे, आणि ती स्वतः शिकवते आहे हे तिला माहीत आहे. आमच्याकडे ज्ञान आहे आणि त्याला नाव नाही.

हा जिल्हा हळदीचा. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहतंय. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. ह्या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण ही सारी हळद पोत्यात भरून जाते. जानेवारीत पाला कापायचा, कंद उकरायचे, मग माती झटकून जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. हे वेचणीचं काम मुख्यतः बायाच करतात, रोजानं. पुढे हळद शिजवायची, म्हणजे कच्चा वास जातो, रंग सारखा पसरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. दोन आठवडे ऊन द्यायचं, मग पॉलिश, मग बाजार. इथे येणाऱ्या पाहुण्याला ह्यातलं काय दिसतं? रस्त्याकडेला वाळत घातलेली पिवळी रास, तीही गाडीच्या काचेतून.

आणि तो पाला. कोकणात नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. तिकडे सुमात्रात रेंदांगच्या रश्श्यात हळदीचं पान गाठ मारून सोडतात. आमच्याकडे एकरांनी पानं कापली जातात आणि शेतातच पडतात. भाचीनं आत्याबाईंना पातोळीची कृती फोनवर दाखवली, तर त्यांनी पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतकी वर्सं पाय देऊन चालले ह्याच्यावरून." शिकवणारी बाई शिकायलाही किती तयार असते, हे मला त्या क्षणी दिसलं.

औंढ्याला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला श्रावणात आणि महाशिवरात्रीला माणसांचा पूर येतो. नर्सीला नामदेवांचं जन्मगाव म्हणून पंजाबातूनही भाविक येतात. दर्शन झालं की माणूस बसस्टँडवर चहा पितो आणि पुढच्या गावाला लागतो. ह्या औंढ्याचं शिकण्याशी जुनं नातं आहे. गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटणं मारून नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, आणि त्यानंतर नामदेव गुरू शोधत इथे, विसोबा खेचरांकडे आले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. महाशिवरात्र येते ती हळद शिजवण्याच्या आणि वाळवण्याच्या ऐन दिवसांत. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पारणं. त्या पारण्याला चार पाहुण्यांनी एखाद्या घरच्या चुलीपाशी बसून भाकरी, येसर आमटी, ओल्या हळदीचं लोणचं शिकावं, स्वतः केलेलं जेवावं, आणि त्या बाईला फी द्यावी, ह्यात अवघड काय आहे?

सरकारी आधार नाही असंही नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. २०२३ मध्ये 'आई' हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं; पर्यटन व्यवसायात उतरणाऱ्या महिलेनं काढलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन परत करतं. पण आत्याबाईंच्या चुलीला १५ लाख नको आहेत. हवं आहे ते स्वच्छ शौचालय, प्यायला निर्धोक पाणी, आणि येणाऱ्याचा फोन घेणारं घरातलं एखादं शिकलेलं पोर. बचत गटांनी हे ठरवून केलं तर एका गावात तीन-चार घरं सहज उभी राहतील. गटातल्या बायांना पापड-लोणच्याच्या विक्रीचा अनुभव आहेच. मात्र लोणच्याची बरणी विकली की ते हात दिसेनासे होतात. शिकवताना हात समोर असतात.

दोन गोष्टींवर मी अडून बसणार आहे. पहिली, पैसे बाईच्या हातात किंवा तिच्या खात्यात. सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो, म्हणून शेतावरचं पर्यटन म्हटलं की कागद पुरुषाचा, पाटी पुरुषाची, आणि चुलीपुढे ती घामाघूम. असं होणार असेल तर न झालेलं बरं. दुसरी, घर घरासारखं राहू द्या. कुडाच्या खोट्या भिंती, भाड्यानं आणलेली नऊवारी, फोटोपुरती चूल, ह्यातलं काही नको. आत्याबाई गॅसवर वरण लावतात आणि चुलीवर भाकरी करतात. पाहुण्यानं तेच बघावं. वेचणीच्या दिवसांत त्या थकलेल्या असतात, त्या दिवशी कोणी येऊ नये. माळकरी घरात काय शिजेल आणि काय नाही, हे त्या घरानं ठरवावं.

भाची परत गेली. आठवड्यानं तिचा फोन आला, ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना शिवरात्रीच्या सुमारास यायचंय, फी देऊन. मी आत्याबाईंना विचारलं. "पैशाचं तूच बोल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, तुम्ही सांगा. बराच वेळ त्या ओट्यावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हळदीच्या रोजाहून कमी घेणार नाही. एकीचे."

मी उठले तर मागून हाक आली. "दोन दिवस राहा म्हणाव. पयल्या दिवशी नुसती भाकरी. ती आल्याबगर आमटीला हात लावू देणार नाही. आन् तू शुक्रवारी ज्वारी नेऊन टाक गिरणीवर, पीठ नवं पायजे."