अंगणवाडीतील अंगण

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी दप्तरात इतका रुळला आहे की त्यातील अंगण कोणाला दिसेनासे झाले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा हरिजनवाड्यातील मुले बालवाडीकडे फिरकेनात. म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. नागर वाङ्मयातील अंगण बहुधा तुळशीवृंदावनाचे. हे अंगण निराळे. भिंतींचा अभाव ही येथे उणीव नव्हती. सारवलेली जमीन, झाडाची सावली. आणि माँटेसरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे. पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणावरच शाळा भरली. जागेची ही निवड केवळ सोयीची नव्हती. ती जातीला आणि पोटाच्या प्रश्नाला भिडणारी होती.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हे नाव देशभर नेले. अंगण मात्र अनेक ठिकाणी मागेच राहिले, आणि भाड्याच्या एका खोलीत आहार, नोंदवह्या व मुले यांची दाटी झाली. खोली मोठी हवी, ही मागणी रास्तच आहे. परंतु नकाशा आखणाऱ्याने आधी वस्तीत जाऊन मुले दिवसभर कोठे असतात, ते पाहिले पाहिजे.